छोट्या कारखान्यासाठी लेझर कटिंग: पहिल्या ड्रॉइंगपासून स्वतःच्या मशीनपर्यंत

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये मोटरची बेस प्लेट बनवायची एक ठरलेली पद्धत होती. ६ मिमीचा पत्रा शिअरिंगवर तोडायचा, स्क्राइबरने आखायचं, सेंटर पंच मारायचा, स्लॉटच्या दोन्ही टोकांना ड्रिल मारायचं, मधला तुकडा काढायचा आणि फाइल घेऊन बसायचं. चार स्लॉटच्या एका प्लेटला फिटरचा अर्धा तास सहज जायचा. एवढं करून दोन प्लेटा एकावर एक ठेवल्या की भोकं जुळतीलच याची खात्री नाही. आज तीच प्लेट लेझरवर एक-दोन मिनिटांत कापून होते आणि शंभरावी प्लेट पहिलीवर तंतोतंत बसते.

तरीही लेझरवर काम द्यायला लागल्यावर पहिले काही महिने माझा खर्च जवळपास तेवढाच राहिला. कारण मी फक्त कापण्याचं काम बदललं होतं, ड्रॉइंग जुनंच होतं. आता अनुभवाने सांगतो, कापण्याचा वेग हा लेझरचा सगळ्यात छोटा फायदा आहे. खरा पैसा वाचतो तो पुढच्या टेबलांवर: आखणीत, ड्रिलिंगमध्ये, बर (कापलेल्या कडेवरची धारदार कोर) घासण्यात, वेल्डिंगच्या जुळवणीत. आणि ती बचत कापायच्या आधी, ड्रॉइंगच्या वेळीच ठरते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा ड्रॉइंगला दिली आहे.

मशीन काय करतं, थोडक्यात

लेझरचा किरण भिंगातून एका बारीक ठिपक्यावर आणला की तिथला धातू वितळतो. किरण बाहेर पडतो त्याच नोझलमधून (कापणाऱ्या हेडच्या टोकाच्या तोंडातून) जोरात सोडलेला गॅस तो वितळलेला धातू खालून बाहेर ढकलतो. मागे राहणारी फट साधारण ०.१ ते ०.३ मिमीची असते. धातूवर गॅसच्या मदतीने लेझर कटिंग पहिल्यांदा झालं ते १९६७ साली इंग्लंडमध्ये, ऑक्सिजन वापरून १ मिमी स्टीलवर. त्यासाठी वापरला तो कार्बन डायऑक्साइड लेझर. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला होता. पटेलांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. आपल्या एमआयडीसीत रोज चालणाऱ्या या तंत्राचं मूळ इतकं जवळचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक आयटीआयच्या मुलाला मी ते आवर्जून सांगतो.

आज पत्र्याच्या कामात बहुतेक ठिकाणी फायबर लेझर दिसतो. त्याच्या किरणाची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन, म्हणजे जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरच्या (१०.६ मायक्रॉन) जवळपास एक दशांश. ती धातूत चांगली शोषली जाते, म्हणून तांबं आणि पितळही कापता येतं. किरण काचतंतूतून थेट हेडपर्यंत येतो, त्यामुळे आरसे साफ करायची आणि जुळवायची भानगड उरली नाही.

पहिली पायरी: कोणता पार्ट लेझरवर द्यायचा

सगळंच लेझरवर टाकू नका. आपल्या पार्टांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: किती भोकं, किती वळणदार कड, कापल्यानंतर किती हात लागतात, ड्रॉइंग वर्षात किती वेळा बदलतं.

ज्या पार्टला कापल्यानंतर सगळ्यात जास्त हात लागतात, तो सगळ्यात आधी लेझरवर न्या. स्लॉट, गोलाई, निरनिराळ्या मापांची भोकं, गसेट (कोपऱ्याला आधार देणारी प्लेट), ब्रॅकेट, पॅनेलचे दरवाजे, मशीन गार्ड हे खरे लेझरचे पार्ट. महिन्याला वीस-पन्नास नग लागणारे आणि ग्राहक सतत बदल सांगणारे पार्ट तर नक्कीच, कारण इथे डाय (साचा) बनवायची नसते. फाइल बदलली की पार्ट बदलला.

उलट, नुसत्या सरळ चौकोनी पट्ट्या शिअरिंगवरच स्वस्त पडतात. लाखांच्या संख्येने लागणारा वॉशर पॉवर प्रेसवर काढा. शेकडो एकसारख्या भोकांची जाळी किंवा लूव्हर (हवेसाठी पत्र्यात उठवलेल्या झडपा) असेल तर टरेट पंच (ठोकून भोकं पाडणारं मशीन) बघा. लूव्हरचा उठाव लेझर देऊच शकत नाही. ४०-५० मिमीची मोजकी जाड प्लेट असेल आणि कड नंतर मशिनिंग होणार असेल, तर गॅस कटिंगच बरं.

दुसरी पायरी: गॅस ऑर्डरवर लिहा

ही गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. ३ मिमी एमएसचे (माइल्ड स्टील, साधं लोखंड) गार्ड ब्रॅकेट कापायला दिले, ऑर्डरवर फक्त माप आणि नग लिहिले. कापून आले, वाकवले, पावडर कोटिंग झालं, दिसायला सुंदर. ग्राहकाकडे जोडणी करताना कडेचं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. अख्खा लॉट परत आला. कोटिंग काढा, कडा घासा, पुन्हा कोटिंग करा. त्या कामात कमावलेलं सगळं त्यातच गेलं.

कारण साधं होतं. पार्ट ऑक्सिजनवर कापले होते. ऑक्सिजन लोखंडाशी जळतो, त्या उष्णतेने कापणं सोपं होतं, पण कडेवर ऑक्साइडचा करडा-काळा थर बसतो. पावडर त्या थराला चिकटते आणि तो थरच पत्र्यावरून सुटतो. कापणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. कोटिंग होणार आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

म्हणून आता गॅसचं असं ठरलेलं आहे. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम नायट्रोजनवर: साधारण १० ते १८ बार दाबाने, कड चंदेरी, चकचकीत, गंज किंवा जळका डाग नाही. पातळ एमएस, ज्यावर पावडर कोटिंग होणार आहे, तेही नायट्रोजनवर किंवा स्वच्छ कोरड्या हवेवर. जाड एमएस ऑक्सिजनवर, दाब फक्त एक बारच्या आसपास; आणि त्यावर रंग चढणार असेल तर कड घासण्याचा किंवा ॲसिड पिकलिंगचा (ॲसिडने थर काढण्याचा) खर्च आधीच कोटेशनमध्ये धरायचा. नायट्रोजन महाग वाटतो, पण तुलना करताना त्याच्यासमोर ग्राइंडरवाल्याचे तास मांडा. पातळ पत्र्यात बहुतेक वेळा नायट्रोजनच जिंकतो.

पत्राही बघा. गंजलेल्या किंवा पापुद्रे सुटलेल्या एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यावर कट मध्येच तुटतो, खाली लगदा चिकटतो. कटिंगवाल्याकडे आपला पत्रा पाठवणार असाल तर भंगाराच्या कोपऱ्यात पावसात पडलेली शीट पाठवू नका. पीव्हीसीची शीट तर लेझरखाली कधीच घालायची नाही. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू माणसाच्या फुफ्फुसाला आणि मशीनलाही खातो.

तिसरी पायरी: ड्रॉइंग लेझरसाठी नव्याने विचारात घ्या

सुरुवात शीटच्या मापापासून करा. माझ्याकडे २ मिमीच्या ४१० × ३१० मिमी मापाच्या प्लेटा होत्या. शीट २५०० × १२५० ची. चारी बाजूंना १० मिमी आणि दोन पार्टांमध्ये ६ मिमी जागा सोडून, उलटसुलट फिरवून बघितलं तरी एका शीटमध्ये १९ प्लेटाच बसल्या. ग्राहकाला विचारलं, माप ४०० × ३०० केलं तर चालेल का? आतल्या भागांना काही अडत नव्हतं, तो हो म्हणाला. आता त्याच शीटमध्ये २४ प्लेटा बसतात. १० मिमीच्या फरकाने शीटमागे पाच प्लेटा जास्त. एका शीटचं वजन ४९ किलो (लांबी मीटर × रुंदी मीटर × जाडी मिमी × ७.८५). आधी त्यातलं ११ किलोच्या वर भंगारात जायचं, आता चार किलोही जात नाही. कुठल्याही कटिंगवाल्याशी दरासाठी घासाघीस करून एवढे पैसे वाचले नसते.

दुसरी गोष्ट, वेल्डिंगची जुळवणी पार्टमध्येच घाला. एका पार्टला जीभ, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच. दोन्ही एकमेकांत बसवले की पार्ट स्वतःच काटकोनात उभे राहतात, वेल्डरने फक्त टॅक (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारायचा. २-३ मिमी पत्र्यात खाच जिभेपेक्षा दोन्ही बाजूंना ०.१ ते ०.२ मिमी मोठी ठेवा. पत्र्याची खरी जाडी व्हर्निअरने मोजूनच खाच ठरवा, कारण २ मिमीचा पत्रा १.९ ही निघतो आणि २.१ ही. डावा-उजवा पार्ट चुकून उलटा लागत असेल तर जिभा मुद्दाम मध्यापासून हलवा. मग तो उलटा बसणारच नाही. आमच्याकडे या एका सवयीने फ्रेमच्या फिक्श्चरची (पार्ट जागेवर धरणाऱ्या साच्याची) गरज बहुतेक कामांत संपली.

तिसरी गोष्ट वाकवण्याची. उलगडलेलं माप (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचं) पुस्तकातल्या तक्त्यावरून काढू नका, तुमच्या प्रेस ब्रेकवरून (पत्रा वाकवणाऱ्या मशीनवरून) काढा. बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी लेझरवर कापून घ्या, मध्यावर ९० अंशांत वाकवा आणि दोन्ही पायांची बाहेरची मापं घ्या. समजा ५२ आणि ५१.६ आली. बेरीज १०३.६, म्हणजे या पत्र्याला, या पंच-डायवर प्रत्येक वाकणामागे ३.६ मिमी वजा करायचे. प्रत्येक जाडीची आणि प्रत्येक व्ही-डायची अशी पट्टी कापून, तिच्यावर मार्करने आकडा लिहून आम्ही बेंडिंग मशीनशेजारी तारेत ओवून टांगली आहे. नवा मुलगाही ती बघून माप काढतो.

वाकण्याच्या रेषेजवळ भोक असेल तर ते ताणलं जाऊन अंडाकृती होतं. भोकाची कड रेषेपासून पत्र्याच्या जाडीच्या किमान अडीच-तीन पट लांब ठेवा. दोन वाकणं जिथे भेटतात तिथे छोटी खाच द्या, नाहीतर कोपरा फाटतो. वाकण्याच्या रेषेच्या दोन्ही टोकांना बारीक खूण लेझरनेच करून घ्या. पार्ट नंबरही त्याच वेळी हलका कोरून घेता येतो, मग शंभर ब्रॅकेटांच्या ढिगात शोधाशोध होत नाही.

भोकांबद्दल: जाड एमएसमध्ये जाडीपेक्षा लहान भोक लेझरवर मागू नका. पिअर्सिंगची (कट सुरू करायला पाडलेल्या पहिल्या छिद्राची) उष्णता साठते, भोक जळतं आणि गोल राहत नाही. टॅप मारायचं (आटे पाडायचं) भोक असेल तर आणखी जपा. ऑक्सिजनवर कापलेल्या जाड प्लेटच्या भोकाची आतली कड कडक होते आणि टॅप तुटतो. १० मिमी प्लेटमध्ये एम ८ चं टॅपिंग असेल तर मी लेझरने फक्त मध्यबिंदू कोरून घेतो आणि ६.८ चं ड्रिल मारतो. आखणी वाचते, टॅपही वाचतो. बेअरिंग किंवा डॉवेल पिनचं भोक लेझरवर लहान ठेवून नंतर मशिनिंग करा. जाड प्लेटमध्ये कड किंचित निमुळती येते, तिथे लेझरच्या भरवशावर फिट देता येत नाही.

आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) जिथे गरज आहे तिथेच घट्ट द्या. बाहेरच्या मोकळ्या कडेलाही ±०.०५ लिहिलं की कटिंगवाला वेग कमी करतो, तपासणी वाढवतो, आणि ते सगळं तुमच्याच बिलात येतं.

चौथी पायरी: डीएक्सएफ फाइल

डीएक्सएफ म्हणजे मशीनला द्यायची ड्रॉइंगची फाइल. इथे फार खोलात जायची गरज नाही, पण चार चुका पुन्हा पुन्हा होतात. फाइल एकास एक मापात आणि मिलिमीटरमध्ये असावी. मापांच्या रेषा, मध्यरेषा, टायटल ब्लॉक काढून टाकावेत. प्रत्येक आकार पूर्ण बंद असावा, कुठे बारीक फट राहिली तर सॉफ्टवेअर त्याला आकारच मानत नाही. रेषेवर रेषा दोनदा पडलेली नसावी, नाहीतर डोकं तिथून दोनदा फिरतं आणि कड जळते. कापताना पडणाऱ्या फटीची भरपाई मशीनचं सॉफ्टवेअर करतं, ड्रॉइंगमध्ये तुम्ही वेगळी करू नका. दोन्हीकडे झाली की भोकं लहान येतात. फाइलच्या नावातच पार्ट नंबर, साहित्य, जाडी, नग आणि रिव्हिजन लिहा. जुन्या रिव्हिजनचे दोनशे पार्ट कापून आल्यावर भांडायला जागा उरत नाही.

पाचवी पायरी: दर समजून घ्या

जॉबवर्कचा (बाहेरून कापून घेण्याचा) दर कोणी कटिंग मीटरवर लावतो, कोणी मशीनच्या तासावर, कोणी सरळ किलोवर. किलोचा दर ऐकायला सोपा, पण तुमचा पार्ट साधा असेल तर त्यात दुसऱ्याच्या नक्षीदार पार्टाचे पैसे तुम्ही भरता. म्हणून कटिंग लांबी आणि पिअर्सिंगची संख्या स्वतः काढायला शिका.

समजा ४०० × ३०० ची एखादी प्लेट आहे. बाहेरची कड १.४ मीटर. मध्ये २५० × १५० चा कटआउट, ०.८ मीटर. कोपऱ्यात ९ मिमीची चार भोकं, मिळून सुमारे ०.११ मीटर. एकूण २.३१ मीटर आणि सहा पिअर्सिंग. हा आकडा हातात असला की तीन ठिकाणची कोटेशन एकाच मापात तोलता येतात. पत्रा कोणाचा, उरलेले मोठे तुकडे परत मिळणार का, भंगार कोणाचं, हे चलन करतानाच लिहून घ्या. माझ्या पाहण्यात कटिंगवाला आणि ग्राहक यांच्यातली बहुतेक कटुता याच एका मुद्द्यावरून आलेली आहे.

सहावी पायरी: पहिला नग हातात घेऊन वाचा

पूर्ण लॉट कापण्याआधी एक नग कापून घ्या आणि शक्य असेल तर स्वतः मशीनपाशी उभे राहा. कड उजेडात तिरपी धरा. कापल्याच्या बारीक रेषा सरळ आणि उभ्या असतील तर वेग बरोबर आहे. रेषा खाली जाताना मागे ओढल्यासारख्या वाकल्या असतील तर वेग जास्त झाला आहे. खालच्या कडेवर नख फिरवा. नायट्रोजनवर कापलेल्या स्टेनलेसला कडक, टोकदार बर लागली तर फोकस किंवा दाब चुकला आहे. बर एकाच बाजूला असेल आणि समोरच्या बाजूला नसेल, तर बहुधा किरण नोझलच्या मध्यातून जात नाही.

ते तपासायची पद्धत बघण्यासारखी आहे. ऑपरेटर नोझलच्या तोंडावर सेलो टेपचा तुकडा दाबून चिकटवतो, क्षणभर कमी पॉवरचा लेझर मारतो आणि टेप काढून उजेडात धरतो. टेपवर नोझलच्या तोंडाचं गोल वळ उमटलेलं असतं आणि त्यात किरणाचा टाचणीएवढा जळका ठिपका. ठिपका वर्तुळाच्या मधोमध हवा. नसेल तर हेडचे स्क्रू किंचित फिरवायचे आणि नवी टेप लावायची. चांगला ऑपरेटर नोझल बदलल्यावर हे न सांगता करतो. कुठल्या जॉबवर्कवाल्याकडे काम द्यायचं हे ठरवताना मी आधी हेच बघतो. मशीन किती किलोवॉटचं आहे हे नंतर.

मापं घेताना बाहेरच्या मापांबरोबर दोन्ही कर्ण मोजा. छोटे पार्ट शीटमधून पडू नयेत म्हणून मध्ये बारीक जोड ठेवलेले असतात, त्यांचा उंचवटा कुठे आला आहे ते पाहा. तो बसणाऱ्या बाजूवर आला तर पार्ट टेकत नाही. जोड कोणत्या कडेवर हवा ते ड्रॉइंगवरच दाखवा.

सातवी पायरी: स्वतःचं मशीन घ्यायचं का

घाई करू नका. किमान सहा महिने जॉबवर्कची बिलं आणि कटिंगचे तास लिहून ठेवा. रोज दोन तासांचंच काम असेल तर मशीन बाकीचे सहा तास हप्ता खात उभं राहील. तुमचं काम पूर्ण शिफ्टच्या बरंच जवळ येत असेल, आणि महिन्याचं बिल हप्ता, ऑपरेटर, गॅस, वीज आणि देखभाल यांच्या बेरजेच्या वर सातत्याने जात असेल, तेव्हाच विचार करा. बाहेरची कामं मिळतील या आशेवर घेतलेली मशीनं मी विकली जाताना पाहिली आहेत.

बघायला जाताना आपलाच पत्रा आणि आपलीच फाइल घेऊन जा. कॅटलॉगमधली कमाल जाडी आणि रोज शिफ्टभर न थांबता कापता येणारी जाडी यांत बराच फरक असतो, दुसरी विचारा. नोझल आणि प्रोटेक्शन ग्लास (भिंगाचं रक्षण करणारी काच) कितीला मिळतात, किती दिवसांत येतात, सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो, हेही विचारा. महावितरणचा वाढीव लोड मंजूर होईपर्यंत मशीनची तारीख पक्की करू नका. चिलर (लेझर थंड ठेवणारं पाणी फिरवणारं यंत्र), स्टॅबिलायझर, चांगलं अर्थिंग, धूर खेचणारी यंत्रणा आणि हवेवर कापायचं असेल तर ड्रायरसकट कॉम्प्रेसर, हे सगळं पहिल्याच बजेटमध्ये धरा. हवेतून तेलाचा थेंब आला की प्रोटेक्शन ग्लास काही मिनिटांत जातो.

बंद केबिनचंच मशीन घ्या, इथे पैसे वाचवू नका. १ मायक्रॉनचा किरण डोळ्याला दिसत नाही आणि थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत जातो; परावर्तित झालेलाही कायमचं आंधळं करू शकतो. साधं पारदर्शक ॲक्रिलिक त्याला अडवत नाही. केबिनची खिडकी त्याच तरंगलांबीसाठी बनवलेली हवी, आणि तडकली तर तशीच प्रमाणित खिडकी येईपर्यंत मशीन बंद ठेवायचं.

पावसाळ्यासाठी एक शेवटची सूचना. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत एवढा ओलावा असतो की चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर लेझर सोर्सच्या (किरण तयार करणाऱ्या भागाच्या) आत दव धरतं, आणि तो बिघाड सगळ्यात महाग पडतो. शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर लावा, उत्पादकाच्या दवबिंदूच्या तक्त्याशी ताडून चिलर सेट करा, सोर्सच्या कॅबिनेटचं दार उघडं ठेवू नका. सकाळी आधी कॅबिनेटचा एसी, मग थोड्या वेळाने चिलर, आणि लेझर सगळ्यात शेवटी. आमच्याकडे हा क्रम मशीनच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे, आणि रात्रपाळीचा मुलगा आला की आधी तो वाचून दाखवतो.